कुदळ हळू मारणारे नाना

संस्थापक, देणगीदार आणि मुख्याध्यापक यांच्यावर या स्मरणिकेत लेख येतीलच. मी लिहितो आहे ते वसतिगृहाचे चौकीदार, स्मृतिशेष नाना यांच्याविषयी. ‘पुस्तकात माझं नाव छापाल त उधारीवाले पत्ता काढत येतीन,’ असे ते बजावत. म्हणून येथेही ते नानाच.

नाना मूळचे वैनगंगेकाठच्या पवनीचे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेला त्यांचे वडील नागपूरला पायी गेले होते. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १९६९-७० मध्ये, पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले आणि टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप प्रकट झाला. देव आणि जोशी या विद्वानांचा त्यावरील अहवाल मी एम. ए. ला असताना अभ्यासला होता. त्याच खड्ड्यात विशीतले नाना मजुरीवर होते, हे मात्र या शाळेत रुजू झाल्यावर कळले. ते सांगत, ‘जिंदगीत पयल्यांदा कोनी म्हनलं, कुदळ हळू मार. अन् मजुरी तेवढीच!’

विनोदाने विचाराचे गांभीर्य उणावते, असे आमच्या चळवळीतील काही वक्त्यांना वाटते. मला तसे कधी वाटले नाही, त्याचे कारण नाना.

आठवीच्या वर्गाला आम्ही त्या टेकडीवर नेत असू आणि नाना हौसेने सोबत येत. एकदा मी सांगत होतो, की स्तूपाच्या कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली. एका मुलीने विचारले, ‘सर, दगड वाहणाऱ्यांची नावे कुठे आहेत?’ मी शब्द जुळवीत असतानाच नाना म्हणाले, ‘घमेल्यावर लिवले होते बाई. घमेला फुटला!’ मुले खळखळून हसली. ती मुलगी हसली नाही; नानांकडे बघत राहिली. पुढे इतिहास शिकवताना या उत्तराएवढे नेमके वाक्य मला कोणत्याही ग्रंथात सापडले नाही.

जुलैचा पहिला पंधरवडा वसतिगृहात कठीण असतो. आईबापांपासून प्रथमच दूर आलेली पाचवीची मुले रात्री उशीत तोंड खुपसून रडतात. नाना कंदील घेऊन खोल्यांतून फिरत. समजूत घालणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते एखाद्या मुलाच्या कानाशी वाकून म्हणत, ‘बाबू, रडाचंच असन त टाकीपाशी जाऊन रड गा. आज मोटार बंद हाये.’ आणि मग ते मूल झोपेपर्यंत दारात बसून राहत.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. पुण्यानुमोदन सभेला दूरदूरचे माजी विद्यार्थी आले होते. त्यांपैकी चौघांनी टाकीचीच आठवण सांगितली, आणि ते वाक्य नाना केवळ आपल्यालाच म्हणाले होते, अशी प्रत्येकाची खात्री होती. त्यांतला एक, आता चाळिशी ओलांडलेला बसचालक, डोळे पुसत म्हणाला, ‘मी खरंच टाकीपाशी गेलो होतो. मोटार चालू होती.’