मोठ्या पानांची हौस

सांगलीत केळ मुद्दाम लावावी लागत नाही. परसात मोरीचं पाणी जातं तिथं एक पिल्लू खुपसलं की वर्षा-दोन वर्षांत त्याचं बन होतं. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत वाढलेल्या बाईला मोठ्या पानांचं अप्रूप ते काय! तरी महाबळेश्वरला लिंगमळ्याच्या अंगाला राहायला आल्यावर मला बाग हवी होती ती तशीच: हत्तीकान, मॉन्स्टेरा, तांबड्या पानांची कर्दळ आणि माहेरची केळ. पावसाळ्यानं ती पुरवलीही. इथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. जांभ्याच्या मातीतलं खत तो धुऊन नेतो, पण शेणखत पुन्हा पुन्हा घालत राहिलं की पानं सुपाएवढी होतात.

गाठ पडते ती डिसेंबर-जानेवारीशी. 1842 साली साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी आमच्या लिंगमळ्याजवळचा वेण्णा तलाव बांधला तो खोलगट जागेत. पाणी जसं उतारावरून इथं येतं, तशीच रात्रीची गार, जड हवाही खाली उतरून इथंच साचते. म्हणून वर बाजारपेठेत नुसती थंडी असते, तेव्हा तलावाच्या जेटीवर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. ‘दवबिंदू गोठले’ अशी बातमी येते आणि पर्यटक पहाटे फोटो काढायला धावतात. आम्ही बागेत धावतो.

हिमकणांनी धरलेलं हत्तीकानाचं पान एकदा जवळून बघावं. आधी कडांवर साखर पेरल्यासारखं दिसतं. ऊन आलं की ती वितळते आणि पान गडद, काचेसारखं, उकडल्यासारखं होतं. दुपारपर्यंत देठातून लोंबतं आणि काळं पडतं. मला चक्रावून टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्याच झाडावर, वरच्या पानाच्या आड असलेलं खालचं पान धडधाकट होतं. आणि ओसरीतल्या तापमापकाचा पारा शून्याच्या चांगलाच वर होता.

शेजारचे स्ट्रॉबेरीवाले मामा म्हणाले, “ताई, वाऱ्याला भिऊ नका, उघड्या आभाळाला भ्या.” अगदी खरं. निरभ्र, निवांत रात्री पान आपली ऊब थेट आभाळाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. पान जितकं मोठं आणि आडवं, तितकी ही उधळण जास्त, आणि हवेकडून परत मिळणारी ऊब कमी. वारा असेल तर हवा ढवळली जाते आणि पान वाचतं.

त्यानंतर मी कुंपणापेक्षा छपराचा विचार करू लागले. हत्तीकान आणि मॉन्स्टेरा जांभळाखाली हलवले. जांभूळ हिवाळ्यातही पानगच्च असतो. सिल्व्हर ओकची सावली मात्र या कामी विरळ पडते. केळीच्या बुंध्याला भाताचा पेंढा आणि गोणपाट. पानं जळली तरी जळोत, कोंब आत गड्ड्यात शाबूत असतो. पातळ प्लास्टिक मला पसंत नाही: त्यातून ऊब निसटते आणि त्याला टेकलेलं पान हमखास गोठतं. काळी पानं घाईनं छाटत नाही, पुढच्या थंडीत तीच खालच्या फुटव्यांचं पांघरूण होतात.

पण खरी मजा आणली ती सह्याद्रीतल्याच झाडांनी. कड्यांवर वाढणारी रानकेळ पावसात बघावी! जाड बुंधा, रुंद पानं. कुणालाही परदेशी वाटावी. पिलं फुटत नाहीत, म्हणून बियांपासून रोपं केली. आयुष्यात एकदाच फुलते आणि मग मरते, हा तिचा हट्ट. हिवाळ्याआधी पानं टाकून ती गड्ड्यात झोपते, म्हणजे हिमकण येतात तेव्हा वर जाळायला काही नसतंच. दिंड्याचंही तसंच; परातीएवढी पानं पावसाबरोबर येतात आणि जातात.

डिसेंबरात सांगलीचे पाहुणे येतात, रिकामा वाफा बघून विचारतात, “इथं काही लावलं नाहीस?” मी म्हणते, जुलैत या. जुलैत ते येत नाहीत. फार पाऊस असतो म्हणे.