गोंधळ्याचा आवाज

कार्टूनला आवाज द्यायला गोड गळा लागतो, हा समज मला पटत नाही. लागतो तो अभिनय. मेघना एरंडे यांनी हिंदीत निंजा हातोडी उभा केला, श्रेयस तळपदे यांनी २०१९च्या ‘द लायन किंग’मध्ये टिमॉन, दोघांचाही पाया अभिनयाचा. हे कसब धाराशिव जिल्ह्यात जुनंच आहे. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ घालणारा गोंधळी संबळाच्या तालावर आख्यान लावतो तेव्हा तो एकटाच राजा होतो, राणी होतो आणि मध्येच साथीदाराची थट्टाही करतो.

कुणी म्हणेल, गोंधळात हातवारे असतात, समोर माणसं असतात. स्टुडिओत नुसता माइक. खरं आहे. व्हिडिओ गेममध्ये तर अनेकदा समोर चित्रही नसतं, सुटी वाक्यं तेवढी. पण हे तंत्र शिकता येतं. क्षणात पात्र बदलण्याची चपळाई शिकवणं अवघड. मराठवाडी हेल आड येईल म्हणावं, तर ज्याला पाच पात्रं साधतात त्याला प्रमाण मराठी हे सहावं! खरी उणीव कामाची आहे. पुण्यात घडलेल्या ‘राजी’ या २०२०च्या गेममध्ये साक्षात दुर्गा कथा सांगते, पण मूळ आवृत्तीत तीही इंग्रजीत. मराठी निर्मात्यांनो, पुढच्या ऑडिशनच्या यादीत तुळजापूरही धरा.