नियमावलीतला एक शब्द

मराठीच्या प्राध्यापकाकडे आसपासच्या गावांतून जी कामे येतात, त्यांत वाङ्मयाचा भाग फारसा नसतो. लग्नपत्रिकेचा मजकूर, निवृत्त होणाऱ्या गुरुजींसाठी मानपत्र, तहसीलदारांना द्यायचे निवेदन, क्वचित एखाद्या स्मरणिकेचे मुद्रितशोधन. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वीस वर्षे शिकवताना हे सारे मी आनंदाने करत आलो. शुद्ध लिहून देणे हीही एक सेवाच आहे, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीला तडा गेला तो एका नियमावलीमुळे.

माझा एक जुना विद्यार्थी, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेला, एका रविवारी आपल्या गावातल्या तीन वडीलधाऱ्यांना घेऊन घरी आला. त्यांच्या गावाबाहेरच्या टेकडीवर पेनठाणा आहे. पेन म्हणजे गोंडीत देव. तिथे देऊळ नाही, मूर्ती नाही. ऐनाच्या एका जुन्या झाडाखाली मांडलेले दगड आहेत आणि वर्षातून एकदा आठ-दहा गावांची माणसे तिथे जमतात. पूर्वी जो तो आपापला तांदूळ, मोहफूल, कोंबडा घेऊन येई आणि खर्च असा उरतच नसे. आता माणसे वाढली, पाण्याचा टँकर आला, दिवे आले, वर्गणी आली. ती वर्गणी भूमियाच्या घरातल्या पेटीत राहत असे. त्यातच एका लोकप्रतिनिधीने सभामंडपासाठी निधी देऊ केला. मात्र निधी हवा तर संस्था नोंदलेली हवी. १८६० चा संस्था नोंदणी कायदा किमान सात माणसे मागतो. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा विश्वस्तांची नावे, हिशेब आणि विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत त्याची खबर मागतो. तालुक्याच्या अर्जनविसाने त्यांना छापील नमुना दिला होता. त्यातल्या मोकळ्या जागा भरायच्या आणि मराठी नीट करायचे, एवढेच माझे काम.

मी ते मन लावून केले. ‘उद्देश’ या कलमात तर माझी भाषा थोडी खुललीही. मग सभेच्या कामकाजाचे कलम आले. नमुन्यात होते, ‘सर्व निर्णय उपस्थित सदस्यांच्या बहुमताने घेण्यात येतील.’ ते मी मोठ्याने वाचून दाखवले. तोवर गप्प बसलेल्या म्हाताऱ्या भूमियांनी विचारले, ‘‘बहुमत मंजे का जी, सर?’’

मी वर्गात सांगतो तसे सांगितले. अकरा जण असतील तर सहा जण म्हणतील तसे. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, ‘‘मंग बाकीचे पाच जन देवाच्या कामाले येतीन का?’’

मी हसलो. ‘‘बाबा, कायद्यात तसंच असतं,’’ असे म्हणून पुढचे कलम वाचू लागलो. आज त्या हसण्याची लाज वाटते. शिवाय मी सांगितले ते खरेही नव्हते. कायद्याला नियमावली हवी असते. संस्थेचे विसर्जन किंवा उद्देशबदल अशा काही मोजक्या बाबींसाठी तीन-पंचमांश मतांची अट आहे; बाकी रोजचे निर्णय सर्वांच्या संमतीने घेऊ असे लिहायला कोणाचीही आडकाठी नाही. ते वाक्य कायद्याने घातले नव्हते. ते नमुन्यात होते म्हणून राहिले, आणि मला ते इतके स्वाभाविक वाटले की त्याकडे शब्द म्हणून पाहण्याचे सुचलेच नाही.

संस्था नोंदली गेली. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष झाले. तिसऱ्या वर्षी प्रश्न उभा राहिला तो त्या सभामंडपाचाच. मंडप झाडाखालच्या दगडांवरच यावा, म्हणजे देवाला सावली होईल, असे काहींचे म्हणणे. पेनावर छप्पर घालता येत नाही, मंडप खाली वाटेवर बांधा, असे इतरांचे. पूर्वी असा प्रश्न दोन-तीन वर्षे लोंबकळत राहिला असता. आता हात वर करून मते मोजली गेली. सहा विरुद्ध पाच. ठराव मंजूर झाला, प्रोसिडिंग बुकात लिहिला गेला, काम सुरू झाले.

त्या वर्षीच्या जत्रेला एका टोल्यावरून कोणी आले नाही. विरोधातले पाचपैकी चौघे त्या टोल्यावरचे होते. भांडण नाही, तक्रार नाही, धर्मादाय कार्यालयात अर्ज नाही. ते फक्त आले नाहीत. आणि पेनापुढचा ढोल पिढ्यान्‌पिढ्या त्याच टोल्याने आणायचा होता. विद्यार्थी मला सांगत होता, ‘‘सर, लाऊडस्पीकर होता, लाईट होती, मंडप होता. ढोल नव्हता. मग देव उठणार कसा?’’

भूमियांचा प्रश्न मला तेव्हा उलगडला. वेतनावर चालणाऱ्या संस्थेत मतदानात हरलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी कामावर येतो, कारण महिन्याच्या शेवटी पगार असतो. राज्यव्यवस्थेत हरलेल्या पक्षालाही कर भरावाच लागतो. पण जिथे कोणालाच काही मिळत नाही, जिथे सगळेच स्वखुशीने येतात, तिथे असहमती दाखवण्याचे एकच साधन माणसाच्या हाती उरते, न येणे. बहुमताने अशा संस्थेला निर्णय मिळतो, पण तो पार पाडणारे हात कमी होतात. त्यात पेनाचे काम असे वाटलेले असते की एकाचे काम दुसऱ्याने करून चालत नाही. ढोल एकाचा, पाणी दुसऱ्याचे, पहिला तांदूळ तिसऱ्याचा. समितीत पदे असतात आणि पद रिकामे झाले की भरता येते. इथे पदे नव्हती, वाटून दिलेली कामे होती.

आमच्या भागातल्या लोकांना याचे मोठे रूप पाहायचे असेल तर सीमेपलीकडे तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या केस्लापूरला जावे. पौष अमावस्येला तिथे नागोबाची जत्रा भरते. नागोबा मेश्राम कुळाचा. चंद्रपूर जिल्ह्यातले मेश्रामही तिथे जातात. जत्रेपूर्वी कुळातली माणसे पायी गोदावरीपर्यंत जाऊन पाणी आणतात. लग्न होऊन कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी ओळख करून दिली जाते. ती झाली की सून कुळाच्या देवकार्यात सामील झाली. सभासदत्वाचा अर्ज म्हणाल तर तो एवढाच. १९४० मध्ये कोमरम भीम मारले गेल्यानंतर निजाम सरकारने हैमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये धाडले आणि त्याच दशकात या जत्रेत सरकारी दरबार भरू लागला, जिथे अधिकारी येऊन गाऱ्हाणी ऐकतात. गंमत अशी की सरकार देवाच्या दारी येऊन बसले, तरी पाणी कोणी आणायचे हे सरकारला ठरवावे लागले नाही.

‘पेगन’ हा शब्द आपण इंग्रजी पुस्तकांत वाचतो आणि मराठीत आणताना ‘मूर्तिपूजक’ किंवा ‘निसर्गपूजक’ असे काहीतरी करून मोकळे होतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र गावचा, खेड्यातला, असा आहे. आपल्याकडे इंग्रजांच्या जनगणनेने या लोकांना ‘अ‍ॅनिमिस्ट’ ठरवले. २०११ च्या जनगणनेत दहा लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म गोंडी म्हणून लिहवला, तरी तो ‘इतर’ या रकान्यातच मोजला गेला. मला तो लॅटिन अर्थ अधिक जवळचा वाटतो. गावचा धर्म म्हणजे गाव चालवण्याचीच एक रीत. विशेष म्हणजे अमेरिकेत स्वतःला पेगन म्हणवणाऱ्या आधुनिक गटांनी १९७५ मध्ये ‘कव्हेनंट ऑफ द गॉडेस’ नावाचा संघ नोंदवला, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच पेच होता. कायद्यासाठी त्यांनी नियमावली लिहिली, पण निर्णय सर्वसंमतीने घेण्याची रीत ठेवली. त्यांची परंपरा आणि पेनठाणा यांचा काही संबंध नाही. अडचण मात्र तीच, कारण माणसे तिथेही बिनपगारीच होती.

तर मग काही लिहूच नये का? विद्यार्थ्याला मी रागाच्या भरात तसेच म्हणालो. तो माझ्याहून शहाणा निघाला. त्याने सुरजागडचे नाव घेतले. एटापल्ली तालुक्यातल्या त्या डोंगरावर दर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते. त्याच डोंगरात लोहखनिज आहे आणि २०१६ मध्ये तिथे खाणकाम सुरू झाले. तिथल्या ग्रामसभांनी डोंगर हा आमचा देव आहे असे ठराव करून सांगितले. ओडिशात नियमगिरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी हा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. रूढी-परंपरा जपण्याचा ग्रामसभेचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्यात आहे. ‘‘पण सर,’’ तो म्हणाला, ‘‘हा अधिकार वापरायचा तर ठराव कागदावरच लागतो. देव आहे हे आम्हाला माहीत आहे. साहेबाला कागद दाखवावा लागतो.’’

मराठीचा विद्यार्थी म्हणून मला इथे महानुभाव आठवले. आपल्याच विदर्भात, रिद्धपूरच्या परिसरात वाढलेला हा पंथ. चक्रधरांनंतर नागदेवाचार्यांनी तो कसा सांभाळला हे ‘स्मृतिस्थळा’त वाचताना जाणवते की तिथे नियमांपेक्षा आठवणी काम करतात, कोणत्या प्रसंगी आचार्य काय बोलले, हीच घटना. पुढे पंथ तेरा आम्नायांत विभागला. पंथाने लिहिले पुष्कळ, पण ते सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत झाकून ठेवले. एके काळी मी याला संकुचितपणा म्हणत असे. आता वाटते, काय लिहावे याइतकाच, लिहिलेले कोणाच्या हाती जावे हाही संघटना टिकवण्यातला विचार आहे.

उत्तर शोधायला आम्हाला फार दूर जावे लागले नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाची ग्रामसभा कित्येक वर्षे सर्वसहमतीने निर्णय घेत आली आहे. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ठेवायचा. दर घरातून एक पुरुष आणि एक स्त्री यावी अशी तिथली रीत, आणि निर्णयापूर्वी समजून घेण्यासाठी वेगळा अभ्यासगट. या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०१३ मध्ये ते ग्रामदानी झाले. म्हणजे सर्वसहमतीने चालणारे गाव कागदाला भीत नाही, उलट कागद आपल्याकडे खेचून आणते. आम्ही त्यांच्या रीतीची नक्कल केली असे म्हणणार नाही. धीर मात्र तिथून आला.

नियमावली दुरुस्त करायची बैठक गावच्या गोटुलात झाली. म्हातारे भूमिया तोवर गेले होते. बैठक संध्याकाळी सुरू झाली, पहाटे थांबली आणि निर्णय न होताच संपली. महिन्याने पुन्हा तसेच. तिसऱ्या बैठकीला त्या टोल्यावरची माणसे येऊन दारापाशी बसली. मला लिहायला सांगितले गेले ते असे: संस्था पैसे, पाणी, दिवे आणि सरकारी पत्रव्यवहार पाहील. पेनाच्या कामात संस्था पडणार नाही. ते ज्याचे त्याच्याकडे राहील. पूजेचा क्रम, पेनाची कथा, वाट कुठून वळते, यातले काहीही कागदावर येणार नाही. आणि निर्णय सर्वांच्या संमतीने होतील.

मला हे फार समाधानकारक वाटले. जणू माझ्या चुकीचे परिमार्जन झाले. तेवढ्यात मागच्या बाजूने एक तरुण स्त्री उठली. ती गावात आशा कार्यकर्ती आहे आणि पहिल्या नियमावलीनुसार समितीवर आलेली एकमेव बाई. ती म्हणाली, ‘‘सर, तुमच्या त्या कागदात ‘किमान एक महिला’ असं होतं म्हणून मी इथं बसली. लिहिलं नसतं तर आम्ही कुठंच नव्हतो. आता सगळं जुन्यासारखं करता, तर आमचं काय?’’

गोटुलात कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही. अलिखिताच्या प्रेमात पडलेल्या माणसाला हा प्रश्न स्वतःहून सुचत नाही. जुन्या रीतीत ढोलाला जागा होती, पहिल्या तांदळाला जागा होती; तो तांदूळ कांडणारीला बोलण्याची जागा नव्हती. ‘सर्वांच्या संमतीने’ या शब्दांत ‘सर्व’ म्हणजे कोण, हे कुठेतरी लिहावेच लागते. दर घरातून एक पुरुष आणि एक स्त्री हे वाक्य त्या पहाटे झाले नाही. ते व्हायला आणखी दोन बैठका लागल्या, आणि एका वृद्ध गृहस्थांची संमती तर शेवटी त्यांच्या बायकोनेच मिळवली असे म्हणतात.

सभामंडपाचे खांब अजून तसेच उभे आहेत, छपराविना. गेल्या जत्रेला मी गेलो होतो. ढोल आला होता. संध्याकाळी सचिवांनी हिशेबासाठी प्रोसिडिंग बुक माझ्या हाती दिले, तेव्हा मी सवयीने मागची पाने चाळली. काही सह्या, बरेच अंगठे. मंडपाच्या विषयापुढे पाच सभांत एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिली होती: ‘विषय पुढील सभेवर ठेवला.’ त्यातले ‘पुढील’ पहिल्या वेळी ऱ्हस्व ‘ढि’ने लिहिले होते. मी खिशातून पेन काढले होते. मग ते परत ठेवले आणि बेरीज तेवढी तपासून दिली.