पोट दुखतंय, पण कारण पोटात नाही

"डाक्टरानू, रोज सकाळी ह्याच्या पोटात दुखता. शाळेची येळ झाली की सुरू. सोनोग्राफी केली, काय एक नाय."

दहा दिवसांत तिसऱ्यांदा आजी नातवाला घेऊन आली होती. मुलगा पाचवीतला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पोट तपासलं, मऊ होतं. ताप नाही, उलटी नाही, वजन उतरलेलं नाही. दुखणं बेंबीभोवती, सकाळी सात ते दहा. रविवारी सुट्टी.

पालक म्हणून तुम्ही एवढं लक्षात ठेवा. दुखण्याने मूल झोपेतून उठत असेल, दुखणं उजवीकडे खाली सरकलं असेल, हिरवी उलटी, शौचातून रक्त, ताप किंवा वजनात घट असेल, तर वाट बघू नका, लगेच दाखवा. यातलं काही नसेल तरीही "नाटकं करतोय" म्हणू नका. मूल घाबरलं की आतड्यांची हालचाल बदलते आणि आतड्यांकडून मेंदूकडे जाणारे साधे संदेशही दुखऱ्यासारखे जाणवतात. रिपोर्ट नॉर्मल असतो आणि पोट खरोखर दुखत असतं.

आजीला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. त्याच्या वर्गात काय झालं होतं ते मला माहीत होतं, गावात कुणाला माहीत नव्हतं? तीन आठवड्यांपूर्वी त्या वर्गातला एक मुलगा गेला होता. पावसाचे दिवस, रात्री पडवीत चटईवर झोपलेला. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. घरच्यांना वाटलं, काहीतरी बाधलं. उजाडेपर्यंत त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, गिळता येईना. नंतर श्वासच थांबला.

मण्यार. आपल्याकडे तिला कांडर म्हणतात. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. फुरसं किंवा घोणस चावली की जागा सुजते, आग होते. मण्यारीचं तसं नसतं. दात बारीक, सूज जवळजवळ नाही, खूण कधी दिसतही नाही. पुष्कळदा पहिली तक्रार पोटदुखीचीच असते. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखीने उठलं आणि पापण्या जड वाटू लागल्या, तर ओवा-सोडा देत बसू नका. 108 ला फोन करा, जिथे प्रतिविष आणि व्हेंटिलेटर आहे तिथे न्या.

मी त्या मुलाला विचारलं, "तुझ्या मित्राला काय झालं होतं, तुला कुणी सांगितलं?"

मान हलली. नाही. घरी विषय काढला की आई "गप रव" म्हणायची. शाळेत तर नावच घ्यायचं नाही असं ठरलेलं.

मग खाली बघत म्हणाला, "मिया तेका 'मर मेल्या' म्हटलंय." आदल्या दिवशी क्रिकेटमध्ये आऊट की नॉटआऊट यावरून भांडण झालेलं. "आणि तेच्या पण पोटातच दुखत होता."

सिंधुदुर्गात वाढलेल्या कुणाला सांगायला नको की 'मर मेल्या' ही आमच्याकडे शिवीही नव्हे. आजी नातवाला लाडानेही म्हणते. पण दहा वर्षांच्या मुलाने ते संध्याकाळी म्हणावं आणि सकाळी मित्र नसावा! तीन आठवडे हा पोरगा त्याच्या जमाखर्चात खुनी होता, आणि त्याच दुखण्याने आता आपली पाळी येणार याची वाट बघत होता. घरच्यांना दिसत होती ती फक्त शाळेची टाळाटाळ.

मी कागदावर साप काढला. चित्रकला माझी बेताचीच, पण तो हसला नाही. त्याला सांगितलं, या विषामुळे मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. पापणी उचलायचा निरोप पोचत नाही, मग गिळायचा, शेवटी श्वासाचा. तू चिडून बोललास ते शब्द होते. शब्दांनी साप येत नाही. तू काहीच बोलला नसतास तरी ती मण्यार त्या पडवीत आलीच असती. आणि तुझ्या पोटात विष नाही, मी नीट तपासलंय.

त्याने दोनदा विचारलं, "नक्की?" दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. मुलं अशा वेळी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तर बदलत नाही ना, हे ती तपासत असतात.

मला 9 डिसेंबर 2023 चा शनिवार आठवतो. पिंपरी-चिंचवडमधल्या निगडीच्या एका सैनिकी प्रशिक्षण अकादमीची सहल देवगडच्या किनाऱ्यावर आली होती. चार मुली बुडाल्या, एक मुलगा त्या दिवशी सापडला नाही. त्याआधी 15 एप्रिल 2017 ला मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण गेले होते. दोन्ही वेळा आम्ही इथे जीवरक्षक आणि धोक्याचे फलक यांवर बोललो. बोलायलाच हवं होतं. पण समुद्र आमचा असला तरी रिकाम्या जागा त्यांच्या वर्गात होत्या. परत गेलेल्यांनी मनात काय नेलं असेल? "आम्ही तिथेच होतो, मग ती ओरडली कशी नाही?" हा प्रश्न अशा वेळी हमखास उरतो. त्यालाही उत्तर आहे. बुडणारं माणूस सहसा ओरडू शकत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्यात श्वास घ्यायचा असतो, हाकेला हवा उरत नाही. हात हलवून बोलावताही येत नाही, ते पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही. कुणी बसून हे सांगितलं तर उरलेल्यांचं निदान एक ओझं उतरतं.

त्या मुलाचा धाकटा भाऊ पाच वर्षांचा. त्याला सांगितलं होतं, दादाचा मित्र देवाघरी गेला. त्याने विचारलं, "कुणकेश्वराकडे? मगे महाशिवरात्रीक जत्रेक गेल्यार भेटतलो?" एवढ्या लहानांना मरण कायमचं असतं हे अजून उमगलेलं नसतं. देवाघरी, लांब गेला, झोपला, हे शब्द आपण मऊ म्हणून वापरतो आणि मूल ते शब्दशः घेतं. मग काही मुलं झोपायलाच घाबरतात. 'मेला' हा शब्द तोंडातून निघत नाही, मलाही जड जातो. तरी तोच वापरावा: त्याचं शरीर बंद पडलं, आता त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, तो परत येणार नाही. त्यानंतर गाऱ्हाणं घाला, देवाचं नाव घ्या, माझी हरकत नाही.

शाळेने पुढे मला तासभर बोलावलं. बाक दुसऱ्याच दिवशी उचलला होता, मुलांना त्रास नको म्हणून. हेतू चांगला होता. मुलांनी मात्र त्याचा अर्थ असा लावला, की मेलं की लगेच पुसून टाकतात. हजेरीत बाई सोळानंतर थेट अठरा म्हणायच्या. मी मुलांना मण्यारीचं सगळं सांगितलं, साप पुन्हा काढला. प्रश्न अर्धा तास चालले. 'मर मेल्या' म्हटलेले आणखी दोघे निघाले. एकीने त्याला खोडरबर परत केला नव्हता. बाई रडल्या, आणि त्या रडताना दिसल्या हे बरंच झालं. मुलांच्या सांगण्यावरून बाक परत आला. हजेरीत आता बाई सतरा म्हणतात, क्षणभर थांबतात आणि पुढे जातात. हे वर्षभर चालू ठेवायचं, असं वर्गानेच ठरवलंय.

किती दिवस दुःख चालावं याचं वेळापत्रक नसतं. मूल आता रडेल आणि दहा मिनिटांनी खेळायला पळेल, त्याला दगडाच्या काळजाचं समजू नका. पण सहा महिन्यांनंतरही ते तिथेच अडकलेलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. "मलाही त्याच्याकडे जायचंय" असं म्हणालं, तर त्याच दिवशी. टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

परवा आजी पुन्हा आली, यावेळी स्वतःचा गुडघा घेऊन. नातवाच्या पोटाचं विचारलं. मधूनमधून दुखतं म्हणाली, पण शाळेत जातो. रात्री मात्र घरच्या सगळ्यांच्या मच्छरदाण्या तोच लावतो, चारी बाजूंनी गादीखाली खोचल्याशिवाय कुणाला झोपू देत नाही. आजीला तिच्यात उकडतं.

"रवा थयच," म्हटलं.