आचारसंहितेतले दिवस

15 ऑक्टोबर 2024, निलंगा
दुपारी आयोगाची घोषणा. मतदान 20 नोव्हेंबरला, मोजणी 23 ला. आचारसंहिता लागली. शाळा सुटायच्या आत मुख्याध्यापकांनी कार्यालयातलं कॅलेंडर उतरवलं. त्यावर पुढाऱ्याचा फोटो. खिचडीच्या मावशी विचारत होत्या, आता एकादशी कुठं बघायची?

17 ऑक्टोबर
नव्या खोलीच्या कोनशिलेवर वर्तमानपत्र चिकटवलं. खळ पातळ झाली. एकच कोपरा सुटतो आणि नेमकं नाव दिसतं. पोरं धावत जाऊन दाबून येतात.

21 ऑक्टोबर
आदेश आला. केंद्राध्यक्ष. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं, शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शिकवण्याबाहेरची कामं द्यावीत. जानेवारीत मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण घेऊन दारोदार फिरलो, ते यातल्या कशात बसतं कोण जाणे.

26 ऑक्टोबर
दादानं गच्चीवर झेंडा लावला. सरकारी कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम 1979 चे, आम्हा जिल्हा परिषदवाल्यांचे 1967 चे. 1979 च्या नियमांत स्पष्ट आहे: अंगावर, वाहनावर, घरावर निवडणूक चिन्ह लावलं की प्रभाव वापरला असं धरतात. दादाला वाचून दाखवलं.
"घर दोघांचं हाय. माझ्या बाजूला लावलाय."
वारा सुटला की झेंडा माझ्या बाजूला येतो.

29 ऑक्टोबर
धनत्रयोदशी. आईनं झेंडा काढून त्याच काठीला आकाशकंदील बांधला. दादाला म्हणाली, "सण होऊ दे." तिला कुणी वर्तणूक नियम शिकवलेले नाहीत.

6 नोव्हेंबर
प्रशिक्षण. यंत्र जोडा, अभिरूप मतदान घ्या, किमान 50 मतं, क्लिअर करा, मग सील. विसरला तर काय होतं हे साहेबांनी चढ्या आवाजात सांगितलं. मग लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 129: निवडणुकीच्या कामावरच्या माणसानं स्वतःचं मत देण्यापलीकडे कुणासाठी काही करायचं नाही. 134 अ: सरकारी नोकर उमेदवाराचा प्रतिनिधी झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. मागच्या बाकावर दोघं पेंगत होते. दोघं कोणाचे, ते तालुक्याला माहीत.

बाहेर गाड्यावर निलंगा राइस खाताना विषय निघाला. वडवळकडचे गुरुजी म्हणाले, ह्या गावात गुणांना वजन आहे. शिवाजीराव पाटील निलंगेकर 1985 ला मुख्यमंत्री झाले. एम.डी. परीक्षेतल्या मुलीच्या गुणांचं प्रकरण कोर्टात गेलं, ताशेरे आले, मार्च 1986 मध्ये खुर्ची सोडावी लागली. आता नातू रिंगणात. गुरुजी हे सांगताना इकडं तिकडं बघत होते. अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट, तीही हळू आवाजात.

आणखी एक. विधान परिषदेत शिक्षकांसाठी वेगळे मतदारसंघ आहेत, पण मत माध्यमिकपासून वरच्यांना. आम्ही प्राथमिकवाले त्यात नाही. गावातला प्रत्येक उमेदवार आधी आमच्याच दारात येतो तो भाग निराळा.

12 नोव्हेंबर
शाळा सुरू. सातवी, शेकडेवारी. पुस्तकातलं साबणाच्या सवलतीचं गणित कुणालाच पचेना. एक पोरगा दप्तरातून आडत्याची पट्टी काढून म्हणाला, "सर, ह्याचं सांगा." पट्टी घामानं मऊ झालेली. सोयाबीन, 9 क्विंटल, भाव 4142. खाली हमाली, तोलाई वजा. कोपऱ्यात बापाची सही, अक्षर सुटं सुटं.
फळ्यावर लिहिलं: हमीभाव 4892, मिळालेला भाव 4142. एकूण कमी किती? शेकडा किती?
6750 रुपये. शेकडा 15 च्या थोडं वर. आख्खा वर्ग एका दमात बरोबर. वर्षातून एखादा असा तास मिळतो.

13 नोव्हेंबर
वहीचा फोटो व्हॉट्सअॅपवर. 'गुरुजींनी सरकारचा हिशेब मांडला.' खाली अंगठे. त्याच्याही खाली: 'पगार कुणाचा खातो?' ज्यांनी अंगठे दिले त्यांचा जास्त राग आला.

14 नोव्हेंबर
केंद्रप्रमुखांचा फोन. "सर, निकालापर्यंत सरळव्याज घ्या की." फळा पुसला नव्हता, तसाच ठेवला. प्रचारात एक बाजू सोयाबीनला 6000 म्हणते, दुसरी 7000. ते आकडे वर्गात आणले तर प्रचार. पट्टीवरचा आकडा प्रचार नाही. हे मला नीट कळतं. वर कसं लिहून द्यायचं ते कळत नाही.

16 नोव्हेंबर
खरेदीत ओलावा 12 ऐवजी 15 टक्के चालणार, अशी बातमी. पोरं म्हणाली, सर, ह्याचं पण गणित घ्या. घेतलं.

मधल्या सुट्टीत एकानं विचारलं, "तुम्ही कोनाकडं हाव सर?" म्हणालो, उद्या गुणाकारात चुकलास तर तुझ्याकडं नाही.

19 नोव्हेंबर, औसा
साहित्य घेतलं. यंत्र, शाई, नमुने, लाख. माझं मत टपाली, सुविधा केंद्रात देऊन झालंय. केंद्रावर पोचेस्तोवर अंधार. ह्याही शाळेच्या कोनशिलेवर कागद.

20 नोव्हेंबर
साडेपाचला अभिरूप मतदान. सातला सुरू.
अकराच्या सुमारास एक म्हातारी शाई लावून उभीच राहिली. "लेकरा, भाव देतंय त्याचं बटन कंचं?" सगळे मतदान प्रतिनिधी एकदम माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "मावशी, ते यंत्रावर लिहिलेलं नसतं." "मग काय लिवलंय तिथं?" म्हणत आत गेली. बराच वेळ बीप वाजेना. मग वाजला.

सहाला रांगेतल्यांना चिठ्ठ्या. मतांच्या हिशेबाच्या नमुना 17 सी च्या प्रती सगळ्या प्रतिनिधींना दिल्या, सह्या घेतल्या. पेटी जमा करून एसटीत बसलो तेव्हा तारीख उलटली होती.

23 नोव्हेंबर
राज्यात महायुती. निलंग्यात संभाजी पाटील निलंगेकर पुन्हा. दुपारपासून गुलाल. दादा गुलालात होता की नव्हता, ते इथं लिहीत नाही.

25 नोव्हेंबर
नोटीस. 'आचारसंहिता काळात वर्गात राजकीय स्वरूपाचा मजकूर फळ्यावर लिहिल्याबाबत.' तीन दिवसांत खुलासा.

26 नोव्हेंबर
संविधान दिन. प्रास्ताविका म्हटली. पट्टीवाला पोरगा आज आला नाही. त्याचा बाप दारात येऊन गेला. "आमच्यामुळं तुम्हाला तरास." पट्टी परत मागत होता. झेरॉक्स काढून दिली, मूळ ठेवून घेतली, त्याला विचारून.

28 नोव्हेंबर
खुलासा दिला. दोन ओळी: घटक शेकडेवारी, इयत्ता सातवी. दोन्ही भाव छापील, एक सरकारचा, एक बाजाराचा. नाव कुणाचं नाही. सोबत पट्टी.
आवक-जावकच्या लिपिकानं तीन प्रती मागितल्या. मग पट्टी उलटसुलट करून बघितली, म्हणाला, "कुठल्या आडतीवर घातलं हो? आमचं 4050 नंच गेलं."