शिक्का आणि विद्या

बदलीच्या नोकरीतल्या माणसाच्या सामानातून एक वस्तू कधी मागे राहत नाही. ती म्हणजे प्रमाणपत्रांची फाईल. पलंग विकता येतो, तुळशीची कुंडी शेजाऱ्यांच्या स्वाधीन करता येते. पण शालान्त परीक्षेपासून टंकलेखनापर्यंतचे ते पिवळे पडलेले कागद मात्र आपण छातीशी धरून गाडीत बसतो. आम्हां कारकुनांची प्रमाणपत्रांवर एवढी श्रद्धा का, याचे कारण उघड आहे. आमच्या जगात एकदा मिळालेले प्रमाणपत्र मरत नाही. सेवापुस्तकात नोंद झाली, की ती निवृत्तीपर्यंत आपली. म्हणूनच तीन वर्षांनी मुदत संपणारी प्रमाणपत्रेही असतात, हे प्रथम ऐकले तेव्हा मला विद्येपेक्षा स्कूटरच्या विम्याचीच आठवण झाली.

हे ज्ञान मला पत्नीमुळे झाले. ती विज्ञानाची पदवीधर. नागपूरच्या एका खाजगी शाळेत शिकवीत होती. माझी जबलपूरला बदली झाली आणि तिची नोकरी सुटली. बदलीचा हुकूम एका माणसाच्या नावाने निघतो, पण लागू दोघांना होतो, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. येथे येऊन दोन वर्षे झाल्यावर ती एके दिवशी म्हणाली, "अहो, पुढची बदली कुठे होईल ते तुम्हांलाही ठाऊक नाही. मला असे काही शिकायचे आहे, की जे त्या गावीही चालेल." शाळेच्या नोकरीतला भविष्यनिर्वाह निधी तिने तसाच राखून ठेवला होता. तो या कामी खर्चावा आणि संगणकाच्या व्यवसायात शिरावे, असा तिचा विचार होता.

मग आमची पायपीट सुरू झाली. राइट टाउन, नेपियर टाउन या वस्त्यांतून संध्याकाळी हिंडले, की विद्येच्या पाट्या मिठाईच्या पाट्यांहून अधिक दिसतात. कोणी सिस्कोचे नेटवर्क शिकवितो, कोणी मायक्रोसॉफ्टचे, कोणी ॲमेझॉनचे क्लाऊड, कोणी रेड हॅटचे लिनक्स. एका संस्थेतील गृहस्थांनी आम्हांला चहा पाजला आणि पंच्याऐंशी हजारांत तीन कंपन्यांची तीन प्रमाणपत्रे व वर नोकरीची हमी देऊ केली. "परीक्षेची चिंता नको," ते म्हणाले, "तिथे येणारेच प्रश्न आमच्याकडे आहेत. आठवडाभर पाठ केले की झाले." पत्नीने विचारले, "आणि नोकरीवर आठव्या दिवशी यंत्र बंद पडले तर?" त्या गृहस्थांनी आणखी एक चहा मागविला. असे चोरलेले प्रश्न वापरणाऱ्याचे प्रमाणपत्र कंपन्या रद्द करतात, हे आम्हांला पुढे कंपन्यांच्याच नियमांत वाचायला मिळाले.

आमच्या शेजारी गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. १९०४ साली उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात त्यांची सारी हयात लेथवर गेली. सगळी हकीकत ऐकून त्यांनी एकच शंका काढली. "माल त्यांचा, शिकवणी त्यांची आणि परीक्षाही त्यांचीच? मग तो विद्यार्थी की गिऱ्हाईक?" शंका मार्मिक होती. कंपनीच्या प्रमाणपत्राचा जन्मच मालाच्या खपासाठी झाला आहे. माल चालविणारी माणसे गावोगाव तयार असली, तर माल घेणारा कचरत नाही. यात पाप काही नाही. पण हे ओळखूनच त्या दारात पाऊल टाकावे.

कारण कंपनीचे राज्य कोठवर चालेल, याचा नेम नसतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी कार्यालयांतील नेटवर्क म्हणजे नॉव्हेलचे नेटवेअर, असे समीकरण होते. त्या कंपनीचे प्रमाणपत्र हा नोकरीचा परवानाच समजला जाई. पुढे मायक्रोसॉफ्टने तो बाजार जिंकला आणि २०११ साली नॉव्हेल ही कंपनीच विकली गेली. विजेत्याची कथाही फारशी निराळी नाही. ज्या 'एमसीएसई'साठी एका पिढीने रात्री जागविल्या, ती परीक्षा मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ रोजी स्वतःच बंद केली आणि वेगवेगळ्या कामांनुसार नव्या परीक्षा मांडल्या. सिस्कोची 'सीसीएनए' १९९८ पासून चालू आहे. पण तिचेही अनेक फाटे २०२० साली एका परीक्षेत मिळविण्यात आले, आणि ती उत्तीर्ण झाल्यावर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा देऊन अथवा नवे शिक्षण दाखवून नूतनीकरण करावे लागते.

मला यात माझ्याच व्यवसायातील एक जुना प्रश्न दिसला. रेमिंग्टनची टंकलेखन यंत्रे कचेऱ्यांतून केव्हाच गेली, तरी तिच्या नावाची कळरचना जिवंत आहे. मध्य प्रदेश शासनाच्या 'सीपीसीटी' परीक्षेत हिंदी टंकलेखनासाठी उमेदवार रेमिंग्टनची रचना निवडू शकतो, किंवा इन्स्क्रिप्टची. पहिली एका यंत्राच्या सोयीसाठी जन्मली. दुसरी भारतीय मानक म्हणून १९९१ साली निश्चित झाली, आणि ती आपल्या लिप्यांच्या समान वर्णमालेवर बेतलेली आहे. 'क'ची कळ देवनागरीत जेथे, तेथेच ती बंगालीत आणि तमिळमध्येही. मी इन्स्क्रिप्ट शिकलो. तिच्यावर दिवसा सरकारी हिंदी टिपणे लिहितो आणि रात्री हा मराठी लेख. उद्या कोलकात्याला बदली झाली, तर बोटांना फारसे नवे शिकावे लागणार नाही. एक कळरचना यंत्राबरोबर आली, दुसरी भाषेच्या मुळाशी गेली. एवढाच फरक, पण तो आयुष्यभर पुरतो.

पत्नीने हाच निकष लावला. प्रत्येक अभ्यासक्रमाला तिने तीन प्रश्न विचारले. याच्या अखेरीस माझ्या हातांना काय करता येईल? उद्या कंपनीने नाव बदलले, तर यातले काय शिल्लक राहील? आणि पैसे भरण्यापूर्वी हे मला चाखून पाहता येईल काय? क्लाऊडचे ज्ञान तिला आकर्षक वाटले. पण दुसऱ्याचे संगणक भाड्याने घेऊन चालविण्यापूर्वी संगणक मुळात कसा चालतो आणि एकमेकांशी कसा बोलतो, हे आधी समजले पाहिजे, असे तिचे मत पडले. म्हणून तिने पाया लिनक्सचा धरला. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने आरंभिलेली ही प्रणाली कोणा एका कंपनीची नाही; रेड हॅटचे दुकान उद्या उठले तरी लिनक्स उठणार नाही. रेड हॅटची पहिली परीक्षाही तिला पटली. तिच्यात चार पर्यायांतून एक निवडायचा नसतो. समोर यंत्र देतात आणि कामे सांगतात. शिवाय नियम असा, की यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही तुम्ही केलेली व्यवस्था टिकली पाहिजे. एरव्ही गुण नाहीत. ३०० पैकी २१० गुण मिळाले तर उत्तीर्ण.

या परीक्षेला बसण्यासाठी कोणत्याही वर्गाची सक्ती नाही, हे त्या चहा पाजणाऱ्या गृहस्थांनी आम्हांला सांगितले नव्हते. सरावासाठी रेड हॅट आपली प्रणाली व्यक्तिगत वापरास विनामूल्य देते, आणि नेटवर्कवरची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर फुकट ऐकता येतात. तेव्हा पंच्याऐंशी हजारांपैकी आजवर खर्च झाला तो एका जुन्या संगणकाचा. परीक्षेची फी डॉलरांच्या हिशेबाने जड आहे. ती तिने निराळी काढून ठेवली आहे. मात्र यात फसवी सोपेपणाची आशा नाही. वर्गात चुकल्यावर हात धरणारा कोणी असतो. येथे रात्री अकरा वाजता पडद्यावर उमटलेली चूक तिची तिलाच सोडवावी लागते. परवा एका फाईलच्या परवानग्यांवरून तिने दोन तास झुंज दिली. मी मदतीस गेलो, तर म्हणाली, "तुम्ही तुमच्या फायली पाहा."

शिक्का निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. जबलपुरात ओळख नसलेल्या, मध्ये चार वर्षांचा खंड पडलेल्या स्त्रीला दार उघडून देण्यास शिक्काच लागतो, आणि कंपनीचा शिक्का पुण्यात व गुवाहाटीत सारखाच वाचला जातो, हा त्याचा मोठा गुण आहे. पण दार उघडल्यावर आत जी जाते ती विद्या. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी पदवीधर गृहिणी, बहीण वा मुलगी आपल्या बदल्यांचा भार मुकाट्याने वाहत असते. तिने शिकण्याची गोष्ट काढली, तर प्रथम पाटी पाहू नये, फीही पाहू नये. तिचे तीन प्रश्न तिला विचारू द्यावेत, आणि त्यांची उत्तरे मिळेपर्यंत कोणाच्याही रकान्यात सही करू नये.

परीक्षा येत्या हिवाळ्यात द्यावी, असा तिचा बेत आहे. निकाल काय लागेल तो लागो. माझ्या बदलीची यादी बहुधा त्याच सुमारास निघेल. पण या वेळी त्या यादीची धास्ती घरात एकट्या मलाच आहे.