देवनहळ्ळीतला आमचा १ मे

एक मेला सकाळी सहा वाजता आमच्या घरात कैऱ्या उकडल्याचा वास सुटलेला असतो. आदल्या रात्री भिजवलेली चणाडाळ आई पाट्यावर नाही, मिक्सरमध्येच वाटते, पण भरडच. आजी देवघरासमोर रांगोळीचा डबा घेऊन बसलेली असते. बाहेर विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्सींची वर्दळ. आम्ही राहतो बंगळूरच्या उत्तरेला, देवनहळ्ळीत. कर्नाटकात १ मेला कामगार दिनाची सुट्टी असते, त्यामुळे महाराष्ट्र दिन साजरा करायला आम्हाला रजा टाकावी लागत नाही!

पाच वर्षांपूर्वी बाबांच्या नोकरीमुळे कोल्हापूर सोडून आम्ही इथे आलो. कोल्हापुरात असताना १ मे म्हणजे शाळेतलं झेंडावंदन आणि निकालाचा दिवस, एवढंच. घरी काही वेगळं करायची गरजच वाटली नव्हती. इथे आल्यावर मात्र दादाच्या मुलाने विचारलं, "महाराष्ट्राचा पण वाढदिवस असतो?" आणि आजीने ठरवलं की यंदापासून घरी काहीतरी करायचंच.

आजीचे दोन दिवस

आजीचं माहेर निपाणीचं. १९५६ साली १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा ती आठ वर्षांची होती. निपाणी, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. पुढे शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या बलिदानानंतर १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, पण निपाणी बाहेरच राहिली. आजी सांगते, "पलीकडं कोल्हापुरात पेढे वाटत होते. आमच्यात त्या दिवशी कुणी गोड केलं नाही." सीमाभागातले अनेक मराठी लोक १ नोव्हेंबर हा काळा दिवस म्हणून पाळतात. आजीच्या माहेरीही तेच होतं.

म्हणून पहिल्या वर्षी तिला दारातच महाराष्ट्राच्या नकाशाची रांगोळी काढायची होती. बाबा म्हणाले, "आई, दारात नको. आपण परक्या गावात आहोत, उगाच कुणाला खटकायला नको." आजी काही बोलली नाही. तिने हॉलमध्ये, टीव्हीसमोर रांगोळी काढली. निपाणीच्या जागी एक छोटा लाल ठिपका दिला.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या अज्जी आल्या. त्यांच्या अंगणात पपनसाचं झाड आहे. देवनहळ्ळीच्या पपनसाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि अज्जींना त्याचा फार अभिमान. त्या रांगोळीकडे बघून म्हणाल्या, "इदु एनु?" म्हणजे हे काय? आजीने निपाणीच्या कानडीत सगळं सांगितलं, लाल ठिपक्यासकट. बाबा स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. अज्जी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे असा दिवस १ नोव्हेंबरला असतो. तेव्हा तुम्ही या."

एक नोव्हेंबरचा प्रश्न

राज्योत्सवाला इथे गावभर लाल-पिवळे झेंडे लागतात. त्या सकाळी आजी बराच वेळ खिडकीत बसून होती. जायचं की नाही, हे तिला कुणी विचारलं नाही. अकरा वाजता ती उठली, डब्यात शंकरपाळ्या भरल्या आणि म्हणाली, "ती माझ्या घरी आली होती. मी तिच्या घरी जाते."

तासाभराने परत आली ती हसतच. अज्जींना तिचं "हौद्री" फार गमतीचं वाटलं होतं, कारण इकडच्या कानडीत "हौदु" म्हणतात. काळ्या दिवसाबद्दल तिचं मत बदललं का? नाही. ते दुःख तिचं आहे, ते तसंच आहे. पण ते शेजारणीवर काढायचं नाही, एवढं तिने ठरवलं असावं. पुढच्या १ मेला रांगोळी दारात आली. नकाशा आजीचा, भोवतीच्या ठिपक्यांची नक्षी अज्जींची.

किल्ल्यावरची सकाळ

रांगोळी झाली की ऊन चढायच्या आत आम्ही देवनहळ्ळीच्या किल्ल्यावर जातो. अर्धगोल बुरुजांची तटबंदी अजून चांगली टिकून आहे. आत चक्क गाव नांदतंय. घरं, रस्ता, वेणुगोपालस्वामींचं देऊळ. तटावरून फिरताना वारा छान लागतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा भाच्याने लगेच विचारलं, "हा शिवाजी महाराजांचा किल्ला ना?" मराठी मुलाला किल्ला म्हटलं की दुसरं सुचणार तरी काय! मग त्याला सांगितलं, की १५०१ मध्ये मल्लबैरे गौडांनी इथे मातीचा किल्ला बांधला. दगडी रूप हैदर आणि टिपूच्या काळातलं. टिपू सुलतानाचा जन्म याच गावचा, किल्ल्याजवळ त्याचं छोटं स्मारक आहे. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या इंग्रजी फौजेने किल्ला घेतला. तो जरा हिरमुसला. पण बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती आणि त्यांची समाधी कर्नाटकातच, होदिगेरेला आहे, हे ऐकल्यावर म्हणाला, "म्हणजे आपले लोक आधीपासून इथे येतायत!"

दुपारचं पान

जेवणात आंबेडाळ, पन्हं, पुरणपोळी. अज्जी येताना कोसंबरी आणतात. ती मुगाच्या डाळीची, आपली चण्याच्या डाळीची. भिजवलेली डाळ, खोबरं, मोहरीची फोडणी मात्र दोन्हीकडे तीच. त्यांचं पानक आणि आपलं पन्हं तर नावातूनच बहिणी वाटतात. जेवण झालं की आजी मुलांना संयुक्त महाराष्ट्राची एक आठवण सांगते, आणि अज्जी त्यांच्या लहानपणची. भाषांतराचं काम माझ्याकडे.

तुम्हीही महाराष्ट्राबाहेर असाल तर यंदा एवढंच करून बघा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, की १ मे १९६० ला तुम्ही कुठे होता, तुमच्या घरी काय बोलणं चालायचं. मुलांना शेजारी बसवा. आणि पन्हं चार पेले जास्त करा, शेजारी द्यायला.

यंदा रांगोळीत लाल ठिपका होताच. अज्जींनी वाकून विचारलं, "निप्पाणी?" आजी म्हणाली, "हौद्री." आणि दोघी पन्हं घेऊन झोपाळ्यावर जाऊन बसल्या.